मधली पावलं

१२ जून

ती. अक्कास,
नमस्कार.

आधी तो आवाज लिहितो, मग बाकीचं.

ठक्... सर्र. ठक्... सर्र.

लाकडी जमिनीचा तो लांबलचक वर्ग आठवतो? एका भिंतीकडे आमची तिसरी, दुसऱ्या भिंतीकडे तुमची सहावी, आणि मधल्या वाटेवर एकाच मास्तरांची येरझार. तिथे हा आवाज आला की मान वर न करता मला कळायचं, अक्का आली. पाटीवरची माझी पेन्सिल तेवढी थांबायची. परवा भर वर्गात तोच आवाज कानात आला आणि पेन्सिल तशीच थांबली.

भर वर्गात म्हणालो ते खरंच आहे. मी कॉलेजात नाव घातलंय. आता पोटभर हसून घे. अॅनिमेशन शिकतोय, म्हणजे चित्रं हलवायची विद्या. पहिल्या दिवशी निळ्या केसांची एक पोरगी दारातच म्हणाली, "आजोबा, कुणाला सोडायला आलात?" म्हटलं, "मलाच." तेव्हापासून ती माझी शेजारीण. माझ्या पेन्सिलींना टोक काढून देते आणि मोबदल्यात माझा डबा संपवते.

आयुष्यभर मी भूमापन कचेरीत नकाशे काढले. विहीर, कुंपण, बांध, रस्ता. एकही गोष्ट जागची हलली नाही. हलली असती तर नोकरी गेली असती. निवृत्तीनंतर वाटलं, आता एखादी तरी रेघ चालती झालेली बघावी. मुलगा म्हणतो, "बाबा, बागेत फिरायला जा की." बागेत मी चालतो, चित्र चालत नाही, हे त्याला कसं सांगू?

मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. पेन्सिल कानावर खोचलेली असते आणि ती शोधत सगळा वर्ग पालथा घालतात. सकाळी पात्राला जिवंत कसं करायचं ते शिकवतात, दुपारी सिनेमाचं शास्त्र. सध्या 'वॉक सायकल' चालू आहे. माणसाचं एक उजवं पाऊल, एक डावं पाऊल आणि त्यांच्या मधली चित्रं काढायची, मग तीच फिरवत राहायची. माणूस आपला चालत राहतो, जन्मभर, त्याच दोन पावलांवर.

जाता जाता एक विचारतो, उगाच आपलं. तुझा आधी कुठला पाय पडायचा गं? आणि फ्रॉकची घडी मोडू नये म्हणून मांडीवर हात धरून चालायचीस, तो हात कुठला?

आणि ती नावेची कविता तुला पुढे येते का? मला एवढंच येतं:
उलटा वारा, उंचच लाटा,
नाव म्हणे, मी काढिन वाटा.
पुढचं सगळं वाहून गेलं.

तुझा,
खोडरबर


२५ जून

प्रिय खोडरबरास,
अनेक आशीर्वाद. या वयात तुला ते लागणारच.

पत्र वाचून हसले नाही. फक्त शेजारणीला वाचून दाखवलं, ती हसली. म्हातारपणी माणसं देवळात जातात, नाहीतर डॉक्टरकडे. तू कॉलेजात गेलास, बरं केलंस. लहानपणी दिवसभर काढायचास आणि दिवसभर खोडायचास, आता फी भरून खोड.

पण माझ्याशी नकाशेवाल्याची चलाखी करू नकोस. मी टेलिफोनवर नोकरी केलेली बाई आहे. लोक "उगाच विचारलं" म्हणाले की ते कशासाठी विचारतायत हे मला दोन शब्दांत कळायचं. "जाता जाता एक विचारतो" म्हणे! तुझ्या सगळ्या पत्रात तेवढंच एक वाक्य कामाचं होतं, बाकी सगळी त्याची वेष्टनं.

माझा पाय कशाला हवाय तुला?

तापात गेला तो पाय, तेव्हा मी चार वर्षांची होते. शाळेत अख्खी गल्ली माझ्या मागून तशीच चालत यायची, पोरं पोरी रांगेने. चाल काढायची त्यांना फार हौस होती. तेव्हा कॉलेज लागायचं नाही त्याला.

म्हणून मी अशी नोकरी धरली की माझा आवाज सगळ्या शहराने ऐकावा आणि चाल कुणी बघू नये. कानाला यंत्र, समोर तारा आणि मी खुर्चीत. "नंबर कृपया" म्हणायचे तेव्हा पलीकडचे पुरुष आवाज गोड करायचे. फार मजेची वर्षं होती ती. आता तू मला खुर्चीतून उठवून पडद्यावर चालवणार?

नाही. दुसरं कुणीतरी शोध. निळ्या केसांच्या पोरीला चालव.

कवितेचं मला काही विचारू नकोस.

तुझी,
अक्का


४ जुलै

ती. अक्कास,
नमस्कार.

पकडलंस. तर आता सरळ लिहितो.

मॅडमनी सहामाही परीक्षेची फिल्म ठरवायला सांगितली. वर्गातल्या पोरांच्या फिल्ममध्ये राक्षस आहेत, उडती शहरं आहेत, डोळ्यांतून वीज काढणारी एक मांजर आहे. माझ्या फिल्ममध्ये एक मुलगी शेवटच्या बाकावरून उठते आणि मास्तरांच्या टेबलापर्यंत चालत जाते. बस्स.

तो दिवस तुलाही आठवत असणार. मास्तर तुला नेहमी म्हणायचे, "तू बसूनच म्हण हो बाळ." त्या दिवशी तू बसली नाहीस. "पुढे येऊन म्हणते," म्हणालीस आणि निघालीस. दोन्ही वर्ग गप्प. ठक्... सर्र. मी तिसरीच्या बाकावरून बघत होतो आणि मला वाटत होतं ही वाट कधी संपूच नये. तू पोचलीस. टेबलाला हात टेकवून वळलीस. मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्या वर्गाने वाजवल्या, आणि तू कविता विसरलीस. तशीच उभी राहिलीस घंटा होईपर्यंत. मला आजही तुझं ते वाईट वाटतं. पण अक्का, टाळ्या किती खऱ्या होत्या!

आता भांडण सांगतो. मॅडम म्हणतात, दोन पावलांची सायकल करा आणि फिरवा, एवढी चित्रं काढत बसलात तर म्हातारे व्हाल. म्हटलं, ती काळजी राहिली नाही. मग म्हणाल्या, "चालण्याला लय लागते, आणि लय म्हणजे पुनरावृत्ती." इथे मात्र मी उभा राहिलो. म्हटलं, "मॅडम, कवितेत मात्रा त्याच असतात, शब्द दर ओळीला वेगळे. एकच ओळ सारखी लिहायला लावली तर ती कविता नसते, शिक्षा असते." पोरं बाकं वाजवायला लागली.

दुपारी शास्त्राच्या तासाला त्यांनी दुसऱ्या बाजूने धरलं. "काका, सिनेमा म्हणजे काय गाळायचं ते कळणं. मुलगी उठली, कट, मुलगी पोचली. मधलं प्रेक्षक मनात भरतो." बाई हुशार आहे, खोटं नाही बोलत. पण मी म्हटलं, उठणं आणि पोचणं सगळ्यांचंच असतं. मधलं तेवढं तिचं होतं. ते मी गाळणार नाही.

सोबत एक छोटी वही पाठवतोय, दर पानावर तुझं एक चित्र. कोपरा अंगठ्याने भरभर सोड, तुझी तू चालताना दिसशील. बघ आणि मग नाही म्हण.

तुझा,
खोडरबर


१९ जुलै

वही मिळाली. परत पाठवत आहे. मला पत्र लिहू नकोस.

अक्का


८ ऑगस्ट

ती. अक्कास,
नमस्कार.

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. तुझाच भाऊ आहे.

वही परत आली तेव्हा मी ती तीनतीनदा उलटून बघितली. कुठे रागाने फाडली असशील, शाई सांडली असशील, निदान काही खरडलं असशील. काही नाही. फक्त शेवटच्या पानाचा कोपरा मऊ झाला होता, खूपदा सोडल्यासारखा. त्यावरून मी काय समजायचं? नकाशा असता तर सांगितलं असतं, इथे पाणी आहे की खडक.

इथली परिस्थिती अशी. पुढच्या महिन्यात परीक्षक बसतील. त्यांच्यापुढे मॅडमना पसंत असलेलीच फिल्म जाते. माझ्या फिल्मबद्दल त्यांच्या तीन अटी: सायकल करा, मधे कट करा, आणि शेवटी टाळ्यांवर मुलगी हसू दे. "तुमची मुलगी नुसती उभी राहते. लोक रडायला तयार असतात हो काका, त्यांना जरा जागा द्या!" हे केलं नाही तर वर्ष वाया, आणि माझ्या वयाच्या विद्यार्थ्याला वर्ष परत देण्याचा कॉलेजचा रिवाज नाही. म्हणजे घरी. बागेत.

मी तिन्ही अटींना नाही म्हणून आलोय. मुलगा म्हणाला, "बाबा, हट्ट कशाला? हसली तर काय बिघडलं?" सूनबाई म्हणाली, "त्या हसल्या होत्या का पण?" घरात तेवढी एकच सरळ प्रश्न विचारणारी आहे.

पण मॅडमला नाही म्हणणं वेगळं आणि तुला डावलणं वेगळं. तू नाही म्हणालीस तर कागद कपाटात ठेवीन, कुलूप लावीन आणि बागेत जाऊन इतर म्हाताऱ्यांबरोबर रक्तदाबाच्या गोष्टी करीन. फक्त एवढं सांग, तुझा राग कशावर आहे? मी तुझा पाय काढला म्हणून?

तुझा,
खोडरबर


१७ ऑगस्ट

प्रिय खोडरबरास,

पाय काढलास म्हणून नाही. पाय वाईट काढलास म्हणून.

ती वही मी खूपदा सोडली. कोपरा मऊ झाला म्हणतोस ते बरोबर. पहिल्यांदा हसू आलं, तू माझ्या दोन वेण्या काढल्यास आणि एक रिबीन सुटलेली काढलीस. ती नेहमीच सुटायची. मग हाताकडे बघितलं आणि हसू गेलं.

तुला वाटलं मी फ्रॉकची घडी सांभाळत होते? अरे माझ्या शहाण्या! माझ्या त्या गुडघ्यात जोरच नव्हता. अंगाचा भार त्या पायावर आला की गुडघा पुढे दुमडायचा आणि मी तोंडावर. म्हणून भार द्यायच्या आधी हाताने मांडी मागे दाबून धरायची. दर पावलाला. हात सुटला की मी पडले. तू काढलेल्या मुलीचा हात नुसता कापडावर ठेवलाय, शोभेला. ती मुलगी दुसऱ्या पावलाला आडवी होईल. एवढी वर्षं एका घरात राहिलास आणि तुला माझा नीटनेटका फ्रॉक दिसला! अर्थात मीच तो तसा दिसू दिला, हेही खरं.

म्हणजे चाल पायाची नव्हतीच. हाताची होती. लिहून घे.

आता दुसरं. मी कविता विसरले नव्हते.

मी टेबलापाशी पोचले. वळले. श्वास घेतला, तोंड उघडलं, "उलटा" एवढा शब्द जिभेवर आला होता. आणि मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. डोळे पुसत होते ते. मग दोन्ही वर्ग. मी अजून एक अक्षर म्हटलं नव्हतं, आणि बक्षीस देऊन झालं होतं! दुसऱ्या कुठल्या पोरीला टेबलापर्यंत आल्याबद्दल टाळ्या मिळाल्या होत्या? मी कविता म्हणायला आले होते. सगळ्या सहावीत ती मला सगळ्यात चांगली यायची. कुणाला ऐकायचीच नव्हती. तेव्हा मी तोंड मिटलं. म्हटलं, घ्या, चाल बघायला आला होतात ना, बघितलीत, कविता मिळणार नाही.

तू माझा आवाज न बघता ओळखायचास म्हणतोस. मीही तुझ्या टाळ्या ओळखल्या होत्या. तिसरीच्या बाजूने, छोट्या तळव्यांच्या, सगळ्यांत जोरात. आणि वही पाठवताना तू लिहितोस, "टाळ्या किती खऱ्या होत्या!" म्हणून पत्र लिहू नकोस म्हटलं होतं.

घंटा झाली आणि तू सगळ्यांबरोबर बाहेर पळालास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. मी परत माझ्या बाकावर दप्तर घ्यायला गेले. रिकाम्या वर्गातून, तीच वाट. आणि जाताना सगळी कविता म्हटली, ओठांतल्या ओठांत, पावलागणिक एक ओळ. हात दाबला, ओळ. पाय ओढला, ओळ. शेवटची ओळ बाकापाशी संपली. तू विचारत होतास ना पुढचं? शेवट असा आहे:

हाक न मारी, हात न मागे,
लाट निजे तरि नावच जागे.

मधलं भेटलास की म्हणून दाखवीन. सगळं येतं.

तर आता माझ्या अटी. तुझ्या मॅडमपेक्षा माझ्या जास्त कडक आहेत. हात खरा काढ. टाळ्या हव्या तर वाजू देत, पण मुलीचं उघडलेलं तोंड मिटताना दिसलं पाहिजे. हसायचं नाही. आणि ती परत जाताना दाखव, सगळी वाट, ओठ हलताना. आता सांग मॅडमना, प्रत्येक पावलाला ओळ वेगळी आहे, कुठली दोन पावलं फिरवता?

काढ. मी हो म्हणतेय.

अक्का


३ सप्टेंबर

ती. अक्कास,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस पेन्सिल धरवली नाही. मग धरली ती सोडली नाही.

पहिल्यांदा घरातल्या बोळातून स्वतः चालून बघितलं, गुडघा सैल सोडून, हाताने दाबून. कपाटावर आदळलो. सूनबाई धावत आली. मी म्हटलं, "अभ्यास चाललाय." ती म्हणाली, "मग उशी बांधून करा." आणि खरंच बांधून दिली! आडवा होता होता कळलं, खांदा आधी खाली जातो, मग हात, मग मांडी, आणि पाय सगळ्यांत शेवटी. एवढी वर्षं माझं लक्ष नुसतं त्या शेवटाकडे होतं.

सगळं नव्याने काढलं. जातानाचं आणि परत येतानाचं. एकही पाऊल दुसऱ्यांदा वापरलं नाही. निळ्या केसांच्या शेजारणीने चित्रं स्कॅन करून दिली आणि बघता बघता माझा डबा खायचा विसरली. त्या पोरीने डबा विसरणं हाच मोठा शेरा.

मग मॅडमना दाखवली.

दिवे लागल्यावर म्हणाल्या, "काका, रेषा तुमची सुंदर आहे. पण तो हात चुकलाय. चालताना हात पायाच्या उलट दिशेला झुलतो, पहिल्याच आठवड्यात शिकवलं. मांडीला चिकटवून कुणी चालत नाही." मी म्हटलं, "चालतं." त्या म्हणाल्या, "कुठे बघितलंत?" मी म्हटलं, "बघितलं नव्हतं, म्हणून तर सगळं पुन्हा काढावं लागलं." त्यांना हे उत्तर उर्मट वाटलं. वाटू दे.

मग परतीच्या चालीवर आल्या. "ही सगळी परत? एकदा चालली तेवढं पुरे नाही का? आणि तोंड का मिटलं? लोकांना वाटेल विसरली." म्हटलं, "मलाही तसंच वाटत होतं, म्हातारा होईपर्यंत. लोकांना परतीच्या वाटेपर्यंत वाटू दे." त्यांनी हात जोडले. "शेवटचं सांगते, टाळ्यांवर थांबवा, तिला हसवा, मी परीक्षकांपुढे ठेवते." मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या पहिल्या तासाला तुम्ही म्हणालात, पात्र जिवंत झालं की ते ऐकत नाही, तेव्हा समजा जमलं. ही ऐकत नाही."

त्यांनी पेन्सिल कानावर खोचली. मग म्हणाल्या, "अशी कुणी बाई खरंच आहे का? मला तिच्याशी बोलायचंय, फोन द्या." मी म्हटलं, "आहे. पण ती दाखवायची वस्तू नाही. तिने आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडले, तिला कुणी परवानगीशिवाय जोडायचं नाही."

"मग ही फिल्म जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"मग मीही जातो," मी म्हणालो.

फार ताठ मानेने निघालो, पण ताठ मानेने आवरलेलं टेबल अर्धंच आवरून होतं. लाइटबॉक्स, म्हणजे कागदाखाली दिवा लावायची पेटी, तेवढा आणला आणि तुझ्या पत्रांची पाकिटं, खोडरबर, जुनी वही सगळं तिथेच राहिलं. परत मागायला जाणार नाही. पत्रं तेवढी शाबूत आहेत, ती माझ्या खिशात असतात.

बागेत मात्र जाणार नाही, अक्का. घरच्या टेबलावर काढीन. परीक्षक नसले तरी मुलीला चालता येतं.

मुलाने फिल्म बघितली. परवापासून बागेचं नाव काढलेलं नाही.

तुझा,
खोडरबर


११ सप्टेंबर

प्रिय खोडरबरास,
आशीर्वाद, या वेळी खरेखुरे.

कॉलेज सुटलं म्हणून तोंड पाडून बसू नकोस. तू पाडणार नाहीस, माहीत आहे, पण मोठी बहीण आहे, लिहिणं भाग आहे. उशी बांधून चाललास ते वाचून मी शेजारणीला बोलावून पुन्हा एकदा वाचून दाखवलं. ती हसली. मी नाही. खांदा आधी खाली जातो हे आजवर एकाही डॉक्टरने मला सांगितलं नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. आज आरशापुढे उभी राहून बघितलं. जातो खरा.

एक राहिलं होतं सांगायचं. त्या दिवसापासून माझी सवय मोडली नाही. अजूनही चालताना मनातल्या मनात ती कविता चालू असते, आणि ओठ हलतात. शेजारणीला वाटतं मी जप करते. वाटू दे. टेलिफोनच्या खुर्चीत बसले की थांबायची, उठले की सुरू. इतक्या वर्षांत किती वेळा ती नाव पार झाली असेल, कोण मोजतो.

फिल्म मला पाठव. सूनबाईला सांग, कशी बघायची ते नीट लिहून दे म्हणावं, तू लिहू नकोस, तुला सोपं लिहिता येत नाही. आणि

थांब, दारावरची घंटा वाजतेय. या वेळेला कोण? शेजारीण घंटा वाजवत नाही, हाक मारते.

आता स्वयंपाकघरात उभी राहून लिहितेय, ओट्यावर कागद ठेवून. गॅसवर पाणी आहे.

घंटा वाजली तेव्हा मी आतून ओरडले, "येतेय, मला वेळ लागतो!" बहुतेक लोक असं म्हटलं की आणखी दोनदा वाजवतात. हिने वाजवली नाही. माझा बोळ लांब आहे, तुला माहीत आहे. ठक्, सर्र, सगळा बोळ चालले. दार उघडलं. बाहेर एक सडपातळ बाई, खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. हातात एक पाकीट, त्याच्या मागे माझा पत्ता, माझ्याच अक्षरात.

लोक दारात आले की काय करतात, मला पाठ आहे. आधी पाय बघतात, मग चोरून बघितल्यासारखं पटकन तोंडाकडे. हिने पायाकडे बघितलंच नाही. हाताकडे बघितलं. माझा हात अजून मांडीवर होता, दाबलेला. मग ओठांकडे. ते अजून हलत होते, मधलीच कुठलीतरी ओळ होती.

दाराबाहेर उभी राहून तिने सगळा बोळ ऐकला होता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हणाली, "मी त्यांची मॅडम. न विचारता आले. परीक्षक सोमवारी बसतायत. माझं काय चुकलं ते मला बघायचं होतं."

मी म्हटलं, "बाई, मी कुणाला चालून दाखवत नाही."

ती म्हणाली, "बरोबर आहे. मी जाते."

आणि खरंच वळली, खोडरबर. टाळी नाही, डोळे पुसणं नाही, वळली सरळ.

म्हणून म्हटलं, "थांब. चहा घेशील? स्वयंपाकघर बोळाच्या त्या टोकाला आहे. उठबस मीच करणार. तू इथे दाराशी खुर्चीत बसून काय बघतेस ते तुझं तू बघ. पण मदतीला हात पुढे केलास, तर आल्या पावली परत पाठवीन."

बसलीय. हात मांडीवर घट्ट धरून बसलीय, स्वतःचेच.

पाणी उकळलं. कप घेऊन निघते.

अक्का